तिखट कानांची पोर

आजीने पातेल्याचं झाकण छातीइतकं उंच धरलं आणि सोडून दिलं.

ते फरशीवर आपटलं, दोनदा उडालं, भिंतीला लागून गोल गोल फिरत राहिलं आणि भांडखोर माणसाने पुटपुटत पुटपुटत गप्प व्हावं तसं हळूहळू शांत झालं. खिडकीतली मांजर उडी मारून पळाली. नात ठकी मात्र आजीकडे पाठ करून बसली होती ती तशीच. कपडे वाळत घालायचे चिमटे ती एकाला एक लावत होती. एक चिमटा लागेना, म्हणून तिने तो तोंडात घातला.

"काय पडलं हो आई?" बाहेरच्या खोलीतून सुनेने विचारलं. तिचं शिलाई मशीन थांबलं होतं.

"काही नाही. झाकण निसटलं हातून."

"लागलं नाही ना?"

"नाही गं. शिव तू."

मशीन पुन्हा खडखडू लागलं. आजीने गुडघ्यावर हात ठेवून वाकून झाकण उचललं. कालही ते निसटलं होतं. परवा डाव निसटला होता. सुनेला वाटत असेल, म्हातारीच्या हातातलं बळ गेलं. वाटू दे.

मागे एकदा लोखंडी खल पडला होता, तेव्हा पोरीने चटकन वळून पाहिलं होतं. त्या दिवशी आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने नातीला उचलून घरभर फिरवलं, सुनेला सांगून चहात साखर जास्त घालायला लावली. मग संध्याकाळी अंथरूण घालता घालता तिच्या लक्षात आलं, की खल पडला तेव्हा फरशी हादरली होती. दुसऱ्या दिवशी तिने ठकीला पलंगावर, जाड गादीवर बसवलं आणि खल पुन्हा पाडला. आवाज तेवढाच झाला. पोरीने मान वळवली नाही.

ठकी आता उठली होती. भिंतीला धरून ती बाहेरच्या खोलीत गेली आणि मशीनखाली शिरून बसली. ती तिची आवडती जागा. मशीनच्या लोखंडी पायाला गाल लावून ती डोळे मिटायची आणि तासन् तास हसऱ्या तोंडाने बसून राहायची. "आईच्या कामाची गोडी आहे हो पोरीला," असं येणारंजाणारं म्हणायचं. आजी दारात उभी राहून बघत होती. वर सून निषेधाच्या काळ्या कापडावर पांढरी अक्षरं शिवत होती. खाली पोर लोखंडाला चिकटून काहीतरी ऐकत होती. ऐकत होती, असंच कोणीही म्हणालं असतं.

या घरांच्या मागे पूर्वी नुसतं मैदान होतं. आजी लग्न होऊन आली तेव्हा तिथे दोन माणसांचं एक छोटं विमान यायचं, तेही वारा सरळ असला तर. पोरं गवतातून त्याच्यामागे पळायची. विमानवाला खाली उतरून गल्लीत पाणी मागायचा, आणि बायका त्याला बसायला स्टूल द्यायच्या. मग नगरपालिकेने गवतावर डांबर घातलं. मग कुंपण आलं, दिवे आले, मोठी विमानं आली, आणि गल्लीतली माणसं हळूहळू एक वेगळीच जमात होऊन बसली. बोलता बोलता विमान आलं, की इथला माणूस तोंड मिटतो आणि हात उघडतो.

सासरच्या पहिल्या दुपारी आजीला वाटलं होतं, आपल्याला मुक्यांच्या घरात दिलं. जेवायला बसलेली सगळी माणसं एकाएकी गप्प झाली आणि एकमेकांना हातवारे करून हसायला लागली. डोक्यावरून घरघर चाललेली. सासूने तिला स्वयंपाक नंतर शिकवला, हात आधी शिकवले. अंगठा ओठाला लावला की चहा. तळवा समोर धरला की थांब. दोन तळव्यांची टोकं जुळवून छप्पर केलं की घर, किंवा घरी चल. छातीवर मूठ ठेवली की मी आहे, काळजी करू नको. कोणी बसून ठरवलं नव्हतं, पण गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खुणा त्याच. भांडणंसुद्धा अर्धी तोंडाने आणि अर्धी हातांनी व्हायची. समोरच्या घरातल्या रेडिओकाकू, ज्यांच्याकडे गल्लीतली बातमी गल्लीच्या आधी पोचायची, त्या म्हणायच्या, "तोंडाने दिलेली शिवी विसरता येते हो, हाताने दिलेली डोळ्यांसमोरून हलत नाही."

आणि गल्लीत मूल जन्मलं, की सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे. विमानाला दचकून रडलं, तर म्हणायचं, कच्चं आहे अजून. झोपमोड होईनाशी झाली, की पक्कं झालं. ठकीला घरी आणली त्या दिवशी विमान इतकं खालून गेलं की कपाटाची दारं थरथरली. पाळण्यातल्या पोरीची पापणी हलली नाही.

"जन्मतःच पक्की!" रेडिओकाकू टाळी वाजवून म्हणाल्या, आणि ते संध्याकाळपर्यंत प्रत्येक घरात पोचलं.

पुढे तर कौतुकाला ताळतंत्र राहिलं नाही. विमान यायच्या जरा आधी, अजून कोणाला काही ऐकू येत नसतानाच, ठकी बोट वर करायची. आणि खरंच, थोड्या वेळाने घरघर सुरू व्हायची. "कान बघा कसे तिखट आहेत पोरीचे," माणसं म्हणायची. बोलत नाही अजून? तिचा बापही उशिराच बोलला. आणि बोलायची गरज काय तिला? खुणा सगळ्या येतात. तिचा बाप विमानतळावर कामाला होता. कानांवर जाड टोप्या चढवून, दोन्ही हातांनी खुणा करत तो विमानांना उभं राहायची जागा दाखवायचा. "बाप विमानं वळवतो आणि लेक आम्हाला वळवते," असा विनोद गल्लीत रूढ झाला होता.

आजीने एकदाच नीट पाहिलं, ठकी बोट वर करते तेव्हा तिची नजर कुठे असते ते. नजर टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यावर होती. पाण्यावर बारीक वलयं उठत होती.

दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं असताना आजीने टेबलाचा पाय हळूच हलवला. पेल्यातलं पाणी थरथरलं. ठकीने आनंदाने बोट वर केलं.

वर काहीच नव्हतं. आजी किती तरी वेळ त्या रिकाम्या आभाळाकडे बघत उभी राहिली.

दुपारी कंपाउंडर आले. दवाखान्यातली नोकरी संपून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण गल्ली त्यांना कंपाउंडरच म्हणायची आणि तेही प्रत्येकाशी औषधाचा डोस सांगितल्यासारखे बोलायचे. धावपट्टी लांबवण्याच्या विरोधात जी समिती झाली होती, तिचे ते अध्यक्ष. सून चिटणीस.

"वहिनी, परसात मोजणीची लाल झेंडी लागली म्हणे तुमच्या?"

"लागली," आजी म्हणाली. "वाळत घालायच्या दोरीच्या दोन खांबांच्या मधोमध. लिंबाचं झाड त्यांच्यात गेलं, मोरी आमच्यात राहिली."

"म्हणजे विमान आता मोरीत हात धुऊन उतरणार," कंपाउंडर म्हणाले आणि स्वतःच हसले. मग ते गंभीर झाले. "उद्याची सुनावणी शेवटची आहे. साहेब लोक ऐकून घेणार आणि निर्णय देणार. मी भांडून भांडून ती शाळेच्या सभागृहात ठेवायला लावली आहे. तिकडे त्यांच्या कचेरीत काचा बंद करून बसतात, त्यांना काय कळणार? इथे दुपारचं विमान बरोबर डोक्यावरून जातं. म्हटलं, या आणि आमच्या कानांनी ऐका."

"आणि बोलणार कोण?" सुनेने विचारलं.

"मी बोलेन, तू बोल. वहिनी जुन्या, त्यांनी दोन शब्द बोलावेत. पण बोलण्याने काही होत नाही गं. बोलणं त्यांनी पुष्कळ ऐकलंय. काहीतरी दिसायला हवं." त्यांनी मशीनखाली वाकून पाहिलं. "आमची ठकूताई पहिल्या रांगेत बसेल. विमान आलं, की दोन्ही कानांवर हात. एवढंसं लेकरू कान झाकून बसलंय, हे बघून दगडालाही पाझर फुटेल. काय ठकूताई, जमेल?"

त्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे कानांवर दाबले आणि तोंड वेडंवाकडं केलं.

ठकी मशीनखालून बाहेर आली. तिने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि आपले दोन्ही तळवे कानांवर ठेवले. तोंडही तसंच केलं.

"अगं बाई!" सून हसली. "एका झटक्यात शिकली."

कंपाउंडरांनी हात काढले. ठकीने काढले. त्यांनी पुन्हा ठेवले, तिने ठेवले. तिघं हसत होती. आजीच्या हातात चहाची बशी होती. ती तिने टेबलावर ठेवून दिली.

"तिला नको न्यायला," ती म्हणाली.

"का?"

"लहान आहे. गर्दीत घाबरेल."

"ही? घाबरेल?" कंपाउंडर म्हणाले. "वहिनी, अख्खी गल्ली घाबरेल, ही घाबरायची नाही. पक्की आहे ती."

ते गेल्यावर सुनेने सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा जाईना. तिने तो दातांनी तोडला आणि पुन्हा ओवायला लागली.

"आई, एक विचारू? रागावू नका. तुमच्या मुलाची नोकरी तिथे आहे, म्हणून तुमचं मन मागे खेचतं का?"

"नाही गं."

"मग हल्ली तुम्ही काही बोलतच नाही. आधी सगळ्यांत पुढे होतात."

आजी तिच्या शेजारी जाऊन बसली. सांगायचं म्हणून ती कितीदा तरी अशी येऊन बसली होती. ठकीच्या आधीचं मूल सुनेच्या पोटातच गेलं होतं. त्यानंतर कित्येक महिने ही पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून असायची, आणि आजी तिच्या पायांना तेल लावत बसायची. आजीने तोंड उघडलं. बाहेर लांबवर इंजिन गुरगुरायला लागलं.

"आई, खरं सांगते," सून म्हणाली, "मला घराचं तेवढं नाही वाटत. घर कुठेही होतं. पण या पोरीचे कान देवाने एवढे चांगले दिलेत. आपले गेले ते गेले. हिचे तरी मला वाच—"

विमान डोक्यावर आलं. सुनेने वाक्य तिथेच सोडलं आणि छातीवर मूठ ठेवली. मग ती मूठ पोरीकडे दाखवली. हिच्यासाठी मी आहे.

आजीने मान हलवली. विमान गेलं, आणि सुनेने जिथे सोडलं होतं तिथूनच वाक्य उचललं, "—वायचेत." आजीला आता बोलता आलं असतं. ती उठली आणि झाकण जागेवर आहे की नाही ते बघायला आत गेली. तिने सांगितलं असतं, तर उद्या कंपाउंडरांनी ठकीला पहिल्या रांगेत नाही, टेबलावरच उभं केलं असतं. गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर तिचा फोटो लागला असता. विमानांनी हे केलं, की ती तशीच आली होती, हे आजीला ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं. पण कोणी विचारलंही नसतं. पोरीला तेच नाव पडून गेलं असतं आणि मरेपर्यंत ते नाव सुटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरून गेलं. काळं कापड भिंतीवर टांगलेलं होतं. समोर लांब टेबलामागे तीन अधिकारी बसले होते. मधल्या बाई पुनःपुन्हा पाणी पीत होत्या. पहिल्या रांगेत आजी, शेजारी सून, आणि सगळ्यांना दिसावी म्हणून त्यांच्यापुढे एका स्टुलावर ठकी. तिला नवा फ्रॉक घातला होता. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. टेबलाच्या कडेला माइक घेऊन कंपाउंडर उभे होते.

ते छान बोलले. मैदानात पूर्वी तितर होते हे सांगितलं, भिंतींच्या भेगा सांगितल्या, वाळत घातलेल्या कपड्यांना येणारा तेलाचा वास सांगितला. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. विमानाची वेळ झाली होती. ते म्हणाले, "आता मी बोलणार नाही. आता आपण फक्त ऐका," आणि थांबले.

सगळं सभागृह थांबलं.

काहीच आलं नाही.

वरचे पंखे फिरत होते. कोणीतरी खोकलं. बाईंनी पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला. "आज विमानाला उशीर करवलाय यांनी," मागून रेडिओकाकूंची कुजबुज ऐकू आली, "मी म्हणत नव्हते?" कंपाउंडरांच्या कपाळावर घाम आला होता. घामाने चष्मा खाली घसरला. त्यांनी दोन्ही हात वर नेले आणि चष्म्याच्या काड्या कानांमागे नीट बसवल्या.

ठकीने ते पाहिलं. तिने दोन्ही तळवे कानांवर दाबले आणि तोंड वेडंवाकडं केलं.

त्या टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत पोर कान झाकून, डोळे बारीक करून बसली होती. क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग टेबलामागचा एक अधिकारी हसला. दुसराही हसला.

"छान शिकवून आणलंय," तो म्हणाला. त्याच्या समोरचाही माइक चालू होता. ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

गल्लीतल्या माणसांनी माना खाली घातल्या. सुनेचा चेहरा लाल झाला होता. ती खुर्चीच्या कडेला सरकली.

"ठके," ती दबक्या आवाजात म्हणाली, "हात काढ."

ठकी तशीच बसली होती.

"ठके, अगं हात काढ ना."

पोरीचे हात कानांवर होते, म्हणून ऐकू गेलं नसेल. सुनेच्या चेहऱ्यावर तसंच काहीसं होतं. तेवढ्यात कंटाळून ठकीने आपणहून हात खाली घेतले आणि फ्रॉकच्या झालरीशी खेळायला लागली.

"ठके," सून म्हणाली. मग जरा मोठ्याने, "ठकू!"

दोन रांगा मागची माणसं वळून बघायला लागली. पोर झालर बोटाला गुंडाळत होती. तिची मान, तिच्या मानेवरचे भुरभुरे केस, दोन्ही बाजूंचे ते सुबक, लहानसे कान, सगळं सुनेपासून हातभर अंतरावर होतं. सुनेने श्वास घेतला, दोन्ही तळवे तिच्या डोक्याच्या अगदी मागे नेले आणि जोरात टाळी वाजवली.

कंपाउंडर दचकले. मधल्या बाईंच्या हातून पाणी सांडलं.

ठकीने झालर सोडवली आणि पुन्हा बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

सुनेने सावकाश मान वळवून आजीकडे पाहिलं. आजीच्या मांडीवरच्या हातांकडे ती बघत होती, ज्या हातांतून गेले कितीतरी दिवस झाकणं, डाव आणि खल निसटत होते.

आणि मग ते आलं. आधी टेबलावरच्या पेल्यात वलयं उठली, मग खिडक्यांची तावदानं वाजायला लागली, मग छपरावरून ते असं गेलं की टांगलेलं काळं कापड एका बाजूने सुटून लोंबायला लागलं. अधिकाऱ्यांची तोंडं हलत होती, आवाज नव्हता. गल्लीच्या माणसांनी सवयीने तोंडं मिटली आणि हात उघडले. सगळ्या सभागृहात हात वर आले. बघितलंत? आता हसा म्हणावं. बस खाली. रडू नको.

ठकी स्टुलावरच वळली. तिचा चेहरा उजळला. एवढी माणसं, आणि सगळी एकदम बोलायला लागली होती. तिने या हातांकडून त्या हातांकडे पाहिलं, मग आईकडे. तिने दोन तळव्यांची टोकं जुळवून छप्पर केलं. घरी चल.

विमान दूर गेलं. घरघर विरली. एकेक करून सभागृहातले सगळे हात खाली आले आणि माणसं घसे खाकरून पुन्हा बोलायला लागली. कंपाउंडर उसळून काहीतरी म्हणत होते, अधिकारीबाई हाताने त्यांना शांत करत होत्या.

ठकीचं छप्पर तसंच होतं. माणसं एकाएकी का थांबली, ते तिला कळत नव्हतं. ती आईच्या हातांकडे बघत वाट पाहत होती.

सुनेने हात उचलले. ते इतके कापत होते की बोटांची टोकं जुळेनात. आजीने आपल्या हातांनी तिची मनगटं खालून धरली. टोकं जुळली. पोरीने मान हलवली, आणि आणखी काही सांगायला लागली.

"आता वयस्कर रहिवाशांपैकी कोण बोलणार होतं?" माइकवरून विचारणा झाली. "आजी? आजी, आपण बोलणार होतात ना?"

तो आवाज भिंतींना लागून परत आला. पहिल्या रांगेतल्या तिघींपैकी कोणीच मान वळवली नाही.